जाड अक्षरांचा पडदा

प्रिय खारू,

तुझी मेल वाचली आणि मला तुझा रागही आला, तुझी दयाही आली. बाबा माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत तोवर मी फोन करणार नाही, असं लिहिलंस आणि खरोखरच केला नाहीस. हट्टीपणात तू बाबांच्याही वरताण आहेस. तुझं म्हणणं असं, की व्हिडिओवर तू दिसायला लागलीस की ते मान वळवतात आणि खिडकीच्या बिजागरीकडे बघत हो-नाही करत बसतात, जसं काही पोटच्या मुलीपेक्षा त्या बिजागरीतच बघण्यासारखं जास्त आहे. त्यांच्या घरांच्या नकाशांच्या कामात हाताशी न थांबता तू इतक्या लांबची नोकरी धरलीस, निघालीस तेव्हा ते दारापर्यंतही आले नाहीत, तो राग अजून त्यांच्या नाकावर बसलाय, असं तू धरून चालली आहेस. खरं सांगू का, मीही तेच धरून चालले होते. त्यांना दोन शब्द सुनावलेही होते. पण ते असो. आधी तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरचं ऐक, कारण सगळं तिथून सुरू झालं.

तुला आठवतं, नव्या कॉम्प्युटरवर बाबांचा तो नकाशे काढायचा जुनापुराणा प्रोग्रॅम चालेना, तेव्हा तू त्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर बसवलास. व्हर्च्युअल मशीन, आत लिनक्स. मी म्हटलं होतं, एक सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात आता तो पोटुशी. बाबा मात्र खुशीत होते. तू गेल्यावरही रोज जेवण झालं की त्यापुढे बसायचे आणि कुणाच्या माळ्याचा, कुणाच्या जिन्याचा नकाशा काढत राहायचे. अलीकडे काम कमी केलं होतं. मागच्या गल्लीतला गवंडी जिन्याचा नकाशा मागायला आला तर त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. म्हणाले, आताशा पायऱ्या नीट बांधायच्यात कुणाला, उगाच माझं डोकं कशाला पिकवू. मला वाटलं, वय झालं, चिडचिड वाढली.

एकदा धूळ पुसायला त्या टेबलापाशी गेले आणि पडद्याकडे बघून मला कसंतरीच झालं. अक्षरं ही एवढाली, फुगलेली, कडा विरघळलेल्या, दुधात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी. पडद्यावर कशाबशा चार-सहा ओळी मावत होत्या. मी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासणारी बाई, अनुस्वार केसभर सरकला तरी माझं डोकं उठतं. बाबा असल्या पडद्यावर काम करतात आणि कुणाला बोलत नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. तुला विचारावं तर तू रुसून बसलेली. मग पदर खोचला आणि इंटरनेटवर शिरले. तिथे माझ्यासारख्याच रडकुंडीला आलेल्या लोकांची जत्रा भरली होती आणि कुणाचं कुणाला पटत नव्हतं. पण एवढं कळलं, की आतल्या लिनक्सला बाहेरच्या पडद्याचं माप कळावं म्हणून एक जोड द्यावी लागते, गेस्ट ॲडिशन्स म्हणतात तिला. लिनक्स अपडेट झालं की ही जोड कधीकधी निखळते. मग त्या बिचाऱ्याला बाहेर केवढी जागा आहे हेच समजत नाही आणि तो आठशे बाय सहाशे ठिपक्यांच्या लहानशा चित्रात अंग चोरून बसतो. वर स्केल मोड चालू झाला होता, म्हणून तेच लहान चित्र ताणून पडदाभर पसरलं होतं. आपोआप झालं असेल, असं मी समजले.

खारू, तुला अभिमान वाटेल असं काम केलं मी. काळी खिडकी उघडून त्यात हुकूम टाइप केले. आधी जोड बसेना, लिनक्सच्या गाभ्याचे, कर्नलचे म्हणतात ते हेडर्स नाहीत म्हणून अडून बसली. ते घातले, पुन्हा बसवली, मशीन बंद करून चालू केलं, सेटिंगमध्ये जाऊन पडद्यासाठीची मेमरी वाढवली, स्केल मोड काढून टाकला. आणि काय सांगू, सगळा पडदा लख्ख झाला! बारीक, कोरीव अक्षरं, केसासारख्या रेघा, एका नजरेत अख्खा नकाशा. बाबांना हाताला धरून आणलं. ते थोडा वेळ पडद्याकडे तोंड करून उभे राहिले, वा, छान झालं हो, म्हणाले, माझ्या पाठीवर थोपटलं आणि जाऊन आडवे झाले. त्या दिवशी ते टेबलापाशी फिरकलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून आले तर पुन्हा तीच सुजलेली अक्षरं. मला वाटलं, मशीन चालू-बंद झालं की सेटिंग टिकत नाही. लोकांची तशीही तक्रार वाचली होती. पुन्हा नीट केलं. पुन्हा बिघडलं. मग मी इरेला पेटले. मशीन सुरू होताच आपोआप मोठं माप घेईल अशी फाइल लिहून टाकली. तरी संध्याकाळी तेच. बाबांना विचारलं तर म्हणाले, यंत्र आहे, त्याच्याही मनात काही येत असेल. मी त्या यंत्राला इतक्या शिव्या दिल्या, की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

मग एका दुपारी छापखान्यातलं मशीन बंद पडलं आणि आम्हाला लवकर सोडलं. बाबा रेडिओ मोठ्याने लावतात, म्हणून मी आलेलं त्यांना कळलं नाही. ते टेबलापाशी बसले होते. नाक पडद्याला टेकेल इतके वाकलेले. मी केलेल्या त्या कोरीव अक्षरांवर त्यांनी मान एकदा या बाजूला कलती केली, एकदा त्या बाजूला, हरवलेली सुई जमिनीवर शोधावी तशी. मग मागे सरकले आणि न बघता, बोटांच्या सवयीने, बाण दाबत दाबत यादीतून खाली गेले. माप आठशे बाय सहाशे केलं. कंट्रोल आणि आणखी एक बटण दाबलं आणि पडदाभर ती जाड अक्षरं पसरली. तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. तो माझ्या कानातून अजून जात नाही. इतके दिवस मी दुरुस्ती म्हणून रोज त्यांच्या हातातली काठी काढून घेत होते.

मी तिथेच मटकन बसले आणि रडायला लागले. बाबा आधी दचकले, मग ओशाळले, मग नेहमीप्रमाणे विनोदावर आले. म्हणाले, रडू नकोस, मला दिसत नाहीये. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे बघा, काय दिसतंय? त्यांनी सरळ माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, नाक गेलं तुझं, कान शाबूत आहेत. हसत होते, पण हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता, फिरतच होता. बरेच दिवस हे चाललं होतं. ते अपडेट झालं, पडदा बिघडला आणि अक्षरं मोठी झाली तेव्हा त्यांना वाटलं, देवच पावला. ताणून आणखी मोठं कसं करायचं ते त्यांनी स्वतः शोधून काढलं. गवंड्याला का हाकललं, तेही मग सांगितलं. हातून एखादी पायरी चुकली आणि कुणी पडलं तर, या भीतीने.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नजरेचा मधला भाग झिजलाय, कडेचं बरंचसं राहील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. उपचारांनी झीज मंदावेल, गेलेलं परत येणार नाही. मग त्यांनी बाबांना शिकवायला सुरुवात केली, की जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणजे ते कडेच्या नजरेत येईल. बाबांनी त्यांना मधेच थांबवलं. म्हणाले, ते मला केव्हाच कळलंय, डॉक्टर. धाकटीचा फोन आला की मी खिडकीच्या वरच्या बिजागरीकडे बघतो. तिथे बघितलं की ती पूर्ण दिसते. हल्ली केस कापलेत तिने, हडकलीये.

खारू, मी तिथे त्या बाईंसमोर तोंड दाबून रडले गं.

तुला यातलं काही कळवायचं नाही, असं बाबांनी मला बजावलंय. तिचा तिकडे नुकता जम बसतोय, तिला उपटू नकोस, म्हणाले. मी नुसती मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची, ते त्यांना दिसलं नसणार. फोनवर बोलले तर घरभर ऐकू जाईल, म्हणून कागद घेतला. त्यांच्या समोरच बसून लिहितेय. मघाशी विचारलं, काय लिहितेस एवढं? सामानाची यादी, म्हटलं. तर म्हणाले, साबण लिही. आणि जरा थांबून, खारूचा फोन नाही आला गं बरेच दिवस.

म्हणून हे पत्र. सवड काढून ये, त्यांच्या नजरेत तू मावतेस तोवर ये. पण त्याआधी, हे पत्र मिळालं की येईल त्या रविवारी फोन कर. बाबा मान वळवतील, खिडकीकडे बघायला लागतील. तू रागावू नकोस, फोन ठेवू नकोस आणि फार हलूही नकोस. ते तुलाच बघत असतील.

तुझीच,
ताई