हँडलची थरथर

प्रिय विजूभाऊ,

काल तुझी बाईक पुन्हा सुरू झाली. समाधानच्या गॅरेजमधून ती बाहेर आली तेव्हा शेजारच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.  त्या आवाजानं सगळ्यांना एकच माणूस आठवला असणार. मला हे तुलाच सांगायचं होतं. आपण घरी अहिराणीत बोलायचो, पण लिहायला बसले की मला शाळेतलीच मराठी येते. हसू नकोस.

तू गेलास तेव्हा रस्ता रिकामा होता, ऊन लख्ख होतं. प्रकाशा गावच्या पुलाआधीच्या वळणावर पपईची गाडी भरत असलेल्या मजुरांनी तुला येताना पाहिलं होतं. त्यांच्यातली एक बाई दवाखान्यात आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "चाळणी हालस ना, तसं हँडल हाली ऱ्हायनं व्हतं." त्या वेळी तिचं कोण ऐकणार? पोलिसांच्या कागदावर 'अतिवेग' लिहिलं गेलं. आपल्या गावात, कळसाडीत, आणखी काय काय बोललं गेलं ते तुला सांगत नाही. जो तो हळहळायचा आणि शेवटी म्हणायचा, पोरांना वेगाचं वेड असतं.

बाप असूनही आबांनी ते मान्य केलं होतं असं मला वाटायचं. त्यांनी तुझं नाव घेणंच सोडलं. जेवताना बोलायची वेळ आली तर 'तो' म्हणायचे, आणि तेही आईकडे न बघता.

गाडी परत मिळाली तेव्हा ती कापसाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात ठेवली. आईनं तिच्यावर जुनी चादर टाकली. पण भाऊ, त्या चादरीखाली काहीतरी चालू होतं. सकाळी आई झाडायला जायची तेव्हा चादर नीट असायची, आणि दिवे लावायच्या वेळी सरकलेली दिसायची. टाकीवर धूळ आणि सीट मात्र स्वच्छ. हँडल कधी डावीकडे, कधी सरळ. मागच्या गल्लीतली काकू आईला म्हणाली, "तो येस वो माय. त्यानं मन गाडीमा शे." आई त्या दिवसापासून शेडमध्ये एकटी जाईना.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. तरीही सांगते, मी तिथून जाताना पावलं वाजवत जायचे. तू असलास तर दचकू नये म्हणून की मी दचकू नये म्हणून, कोण जाणे.

आणि माझे हात. फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा. स्कूटीवर त्या रस्त्यानं जायची वेळ आली की मनगटापासून कंप सुटायचा. मी बदली मागून घ्यावी असं आई म्हणायची. तुझ्या हातातली ती थरथर माझ्या हातात आली आहे, असं मला वाटत होतं. कुणाला सांगणार?

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर शेडचं दार अर्धं उघडं. आत चादर जमिनीवर पडलेली, आणि तुझ्या गाडीवर आबा बसलेले.

धोतर सावरून, पाय जमिनीवर टेकवून बसले होते. दोन्ही हात हँडलवर. ते हँडल हळूच डावीकडे नेत होते, उजवीकडे आणत होते, पुन्हा डावीकडे. मला पाहून ते उतरले नाहीत.

"मधमा अडकस," ते म्हणाले. "देख, तू हात लाव."

मी हात लावला. खरंच, हँडल सरळ रेषेवर आलं की आत कुठेतरी खाच असल्यासारखं अडकायचं, आणि जोर लावला की एकदम सुटायचं.

"त्यानी मले सांगं व्हतं," आबा म्हणाले. "आबा, जोरमा गयी का गाडीनं तोंड थरथरस. मी त्याले काय सांगं? हळू चालाड. बस, इतलंच."

म्हणजे रोज तेच येऊन बसत होते. तुझ्या जागी बसून तुझं म्हणणं तपासत होते. आणि आम्ही भुताला घाबरत होतो.

भाऊ, तुझ्यावर थोडा राग आहे माझा. तू आबांना सांगितलंस, समाधानला का नाही सांगितलंस? तो तुझा इतका जवळचा मित्र, त्याचं गॅरेज शहाद्यात. सुरतहून जुनी स्पोर्ट बाईक आणलीस तेव्हा ती त्याला नुसती दाखवायला नेलीस, तपासायला नाही. तो नावं ठेवेल असं वाटलं का तुला?

आबा आणि मी गाडी समाधानकडे नेली, पण त्यानं आधी तिला हात लावायला नकार दिला. म्हणाला, "वैशूताई, दुसरं काही सांगा. ही खोलताना मन्हा हात चालाऊत नही." आबा त्याच्या बाकड्यावर बसून राहिले. चहा आला, संपला. शेवटी त्यानंच पाना उचलला.

त्यानं पुढचा भाग खोलला. मग त्यानं आम्हाला जवळ बोलावलं. हँडलच्या मुळाशी असलेल्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या वाट्यांमध्ये, बेअरिंगच्या गोळ्यांनी खड्डे पाडले होते. त्याखाली पत्र्याची एक चकती कापून घातलेली, ढिलं झालेलं घट्ट वाटावं म्हणून. चकतीवरचं ग्रीस वाळून दगड झालं होतं. पुढच्या शॉकअपची एक नळी तुझ्या अपघातात वाकली होतीच, पण दुसरीवर दाबून सरळ केल्याच्या जुन्या खुणा होत्या, आणि त्या खुणांत गंज मुरलेला.

"हे त्या दिवसाचं नही," समाधान म्हणाला. "ही गाडी आधी एकदा पडेल शे. कोणीतरी लपाडी ठेवं, आन विजूले इकी टाकी."

आबांनी ती चकती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. त्यांचा चेहरा मी पाहू शकले नाही.

समाधाननं कोनसेट नवा घातला, दोन्ही नळ्या बदलल्या, शॉकअपमध्ये तेल भरलं, मधोमध झिजलेला पुढचा टायर काढून नवा चढवला, चाकं एका रेषेत आणली. आधी तोच चालवून आला. परत येताना त्यानं दोन्ही हात सोडून दाखवले आणि गाडी सरळ येत राहिली. मग मी म्हटलं, मला चालवायची आहे. गिअरची गाडी तूच शिकवली होतीस.

आबा मागे बसले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

गाडी छान चालली, भाऊ. पण ते वळण दिसलं आणि हँडल थरथरायला लागलं. अगदी स्पष्ट. दातांपर्यंत जाणवलं मला. मी ब्रेक दाबला, पाय टेकवले आणि ओरडले, "आबा, अजून हालते आहे."

त्यांनी मागून हात पुढे घेतले आणि माझ्या हातांवर ठेवले. इंजिन चालू होतं. काही क्षणांनी ते म्हणाले, "गाडी नही हाली ऱ्हायनी, बेटा. तुन्हा हात हाली ऱ्हायनात."

ते उतरले. रस्त्याच्या कडेला, तू पडलास तिथे गवत वाढलं आहे, तिथपर्यंत चालत गेले. पपईच्या शेतात काही माणसं होती, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले, "विजू, तुन्हं खरं व्हतं."

इतक्या काळानंतर तुझं नाव. तू ऐकलंस का? की तू तिथे नव्हतासच, आणि आम्हीच तुला तिथे उभं करून ठेवलं होतं?

पूल आम्ही ओलांडला नाही. तिथूनच परत फिरलो. हात अजून थरथरतात, खोटं कशाला सांगू. समाधान म्हणतो, याचा पाना त्याच्याकडे नाही.

आई तुझ्यानंतर एकदाही त्या पुलावर गेलेली नाही. पलीकडे मावशीकडे जायचं झालं तरी लांबचा फेरा घेते. तुला वचन देते, मी तिला त्या रस्त्यानं नेईन. तिची तयारी होईल तेव्हा, चालत, हात धरून. वळणावर थांबून तिला आबांचे शब्द जसेच्या तसे सांगेन. आणि तुझ्याबद्दल कुणी 'वेग' म्हटलं, तर त्याला बसवून घेईन आणि पहिल्यापासून सगळं ऐकवीन.

तुझीच,
वैशू