हर्षदचा अडलेला गुण

ती. आईस, घाटकोपरहून चंद्रूचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. हर्षद स्कूटरवरून पडला, डोक्याला मार लागलाय. घाबरू नकोस, बोलतोय.

डॉक्टर शुद्धीला पंधरापैकी गुण देतात. तेरापासून पुढे मार सौम्य, नऊ ते बारा मध्यम, त्याखाली गंभीर. आपल्याला बारा. शाळेत कधी एवढे पडले होते का गं त्याला?

हाक मारली की डोळे उघडतो. कुठे आहेस विचारलं, तर म्हणाला, “गोठ्यात आसंय.” “हात उचल” म्हटलं की मात्र ढिम्म. तिथेच तेरावा गुण अडलाय.

तुझे गुडघे कसे आहेत? शेजारचा राजेश ही चिठ्ठी आणतोय, त्याच्याच गाडीने निघ. लहानपणापासून हर्षद फक्त तुझंच ऐकतो. एकदा तू सांगून बघ.

तुझा,
चंद्रू