अण्णा, तुमचं बजेट हायफाँगला चाललं नाही

हायफाँग, व्हिएतनाम
वैशाख पौर्णिमा (इथंही आज पौर्णिमाच आहे, शेजारी विचारून खात्री केली)

तीर्थरूप संगप्पा अण्णा यांना धाकट्या बहिणीचे, वर्षाराणीचे, शरणु शरणार्थ.

गुडघा कसा आहे? रत्नम्मा वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? लातूरला ऊन बेचाळीसच्या पुढं गेलं असेल, आडतीवरचा हंगामही उतरला असेल, म्हणजे दुपारची तुम्हाला थोडी फुरसत असेल, असा अंदाज करून हे पत्र लिहिते आहे. गादीवर बसून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुमचा पहिला प्रश्न "किती उरले?" आणि दुसरा "परत कधी?" असा असतो, आणि दोन्हींच्या मध्ये मला शिरायला जागा मिळत नाही. मी ठणठणीत आहे. पैसे नकोत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

निघायच्या आधी तुम्ही मला समोर बसवून बजेट करून दिलंत. अठरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलेल्या बाईला (बारावीची पोरं सगळी नीट परीक्षेच्या मागं, माझ्या तासाला झोप काढायला यायची) सत्तेचाळिसाव्या वर्षी परदेशात नोकरी लागते, यावर तुमचा विश्वास नव्हता. हिशेब मात्र तुम्ही मनापासून केलात. भाडं, धान्य, जाणं-येणं, आणि हाताच्या सवयीनं हमाली, तोलाई, दोन टक्के घट. स्वेटरपुढं शून्य, कारण व्हिएतनाम गरम देश. मी नांदेडच्या ज्या क्लासमधून परदेशी शिकवायचं सर्टिफिकेट घेतलं तिथले सर तर म्हणाले होते की तिकडं राहणं जवळजवळ फुकटच पडतं (ते स्वतः हैदराबादच्या पलीकडं गेलेले नाहीत, हे मला नंतर कळलं). आणि सगळं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "वर्षे, एकदा जरी पैसे मागितलेस, तर पैसे न्हाई, परतीचं तिकीट पाठवीन." ते वाक्य मी इकडं सोबत घेऊन आले. स्वेटर आणायला हवा होता.

कारण अण्णा, हा देश दक्षिणेला गरम असेल, पण हायफाँगला थंडीत जी बारीक झिमझिम सुरू होते ती दीड-दोन महिने थांबत नाही. धुतलेलं लुगडं चार-चार दिवस ओलं. पहिल्या पगाराच्या आधीच स्वेटर, जाड मोजे आणि कपडे वाळवायचा पंखा घ्यावा लागला, आणि घट दोन टक्क्यांवरून कुठल्या कुठं गेली. त्यात इथल्या नोटा. आपल्या एका रुपयाला इथले तीनशेच्या आसपास डाँग येतात, म्हणजे भाजीला निघालेली बाईसुद्धा पिशवीत लाखो घेऊन निघते. वीस हजारांची नोट निळसर, पाच लाखांचीही निळसर. मी दुसऱ्याच आठवड्यात पालेभाजीच्या दोन जुड्या घेतल्या, निळी नोट दिली आणि तरातरा निघाले. मागून भाजीवाली हाका मारत आली. मला वाटलं पैसे कमी दिले म्हणून भांडायला आली, आणि तिची भाषा मला येत नव्हती, म्हणून मी वेग वाढवला. तिनंही वाढवला. शेवटी मी धावले. साडी नेसून, हातात भाजी घेऊन, सगळ्या गल्लीदेखत. दारात घरमालकीण उभी होती, तिनं मला धरलं, तेव्हा कळलं की बाई माझे चार लाख ऐंशी हजार परत द्यायला पळत होती. गल्लीत माझी ओळख अशी झाली. आता ती भाजीवाली मला बघितलं की आधी हातातली नोट बघते, मग भाजी देते.

घरमालकिणीचं नाव थूय. तिनं पहिल्या दिवशी नावाच्याही आधी माझं वय विचारलं. मला राग आला, पण इथं वय कळल्याशिवाय हाकच मारता येत नाही. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी निघाली, म्हणून ती मोठी बहीण आणि मी धाकटी. आपल्या उदगीरकडच्या बायकांचंही असंच की. मी तिला थूयआक्का म्हणते. खाली तिचं शिलाई मशीनचं दुकान, वर माझी खोली. खाण्याचीही तुम्ही लई काळजी केली होती की लिंगायताच्या पोरीला तिथं काय मिळणार. मलाही तीच धास्ती होती. पण एकदा थंडीनं काकडून मी कोपऱ्यावरच्या टपरीत "चाय" मागितला, तर बाईनं भात, उकडलेली भाजी आणि टोफू आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टपरीत तेच. मला वाटलं माझा उच्चार खराब (इंग्रजीच्या मॅडमला हे फार लागतं). मग आक्कानं सांगितलं की त्यांच्या भाषेत शाकाहारी जेवणाला "चाय" म्हणतात, आणि अमावस्या-पौर्णिमेला अर्धा गाव तेच जेवतो. खाण्याचा प्रश्न सुटला. चहाचा अजून सुटलेला नाही.

खरी परेशानी फेब्रुवारीत झाली. त्यांचं नवीन वर्ष, टेट, म्हणजे आपली दिवाळी, आणि आमचं शिकवणी केंद्र तीन आठवडे बंद. मी खुशीत होते. मग मॅनेजर बाईंनी गोड हसून सांगितलं की पगार झालेल्या तासांचाच मिळतो. अण्णा, समुद्र ओलांडला तरी तासिका तत्त्व मागं आलंच. करारात ते स्पष्ट लिहिलं होतं, आणि तो करार मी अक्षर अन् अक्षर वाचला होता. त्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका लाल पेननं सुधारून परत दिला होता. अर्थाकडं लक्ष गेलं नाही. हातातली शिल्लक दोन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये अडकलेली, आणि भाड्याची तारीख समोर. त्या दिवशी फोनवर तुमचा नंबर काढला. मग तुमचं ते वाक्य आठवलं, आणि फोन ठेवून खाली गेले. आक्काला सांगितलं की भाडं उशिरा देईन, पण देईन, आणि खोली सोडणार नाही. माझं मोडकं व्हिएतनामी आणि तिचं चार शब्दांचं इंग्रजी मिळून हे सांगायला अर्धा चहा (आक्काचा, बिनदुधाचा) गेला.

तिनं ऐकून घेतलं आणि फोनवरचा एक फोटो दाखवला. तिची लेक मेलबर्नला दिलेली, जावई गोरा, नात सहा वर्षांची, आणि नातीला फक्त इंग्रजी येतं. दर रविवारी फोन लागतो, नात चित्रं दाखवते, आक्का हसते, नात हसते, आणि मग बोलायचं संपतं. आक्का म्हणाली, भाडं निम्मं दे, मला नातीशी बोलायला शिकव.

मी नेहमीप्रमाणं "हाऊ आर यू"पासून सुरू केलं. तिला ते नको होतं. कशी आहेस ते मला दिसतं, ती म्हणाली, जेवली का ते विचारायला शिकव. (इथंही माणसं भेटली की तेच विचारतात.) म्हणून आम्ही भूतकाळ आधी घेतला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मशीन थांबवून ती पाठ करायची, आणि माझ्याबरोबर राहून राहून "येस"च्या जागी "हाव" म्हणायला लागली. मी सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

महिन्याभरानं रविवारी तिनं मला शेजारी बसवलं. नात पडद्यावर आली. आक्कानं घसा साफ करून विचारलं, "डिड यू ईट?" पोरीनं चित्र खाली ठेवलं. मग नूडल्स म्हणाली. "ओन्ली नूडल्स?" आक्का कडाडली, आणि पोरगी खुदकन हसली, आणि नंतर भात, शाळा, मांजर असं वीस मिनिटं चाललं. मागं लेक डोळे पुसत होती. शेवटी नातीनं विचारलं की आजी, तू कधी येणार? आक्कानं माझ्याकडं पाहिलं. भविष्यकाळ आमचा अजून झाला नव्हता. पण मी तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःच जुळवलं, "यू कम. आय कुक."

अण्णा, अठरा वर्षांत माझा एकही तास असा झाला नाही.

त्या दिवशी घराची लई आठवण आली. आमच्या यांना मी रोज फोन करते, पण ते तुमच्याच आडतीवर मुनीम, फोन तुमच्यासमोरच घेतात, त्यामुळं बोलणं "हाव" आणि "न्हाई" यापुढं जात नाही. असो. टेटमधून मी सावरले, डिपॉझिट सुरक्षित आहे, दर महिन्याला थोडं उरतं, आणि कुणाकडं हात पसरलेला नाही. वर्ष पूर्ण केल्याशिवाय मी येत नाही, आणि पूर्ण झालं की ठरल्याप्रमाणं येते. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची धाकटी,
वर्षाराणी

ता. क. वहिनींना सांगा, येणाऱ्याबरोबर काळं तिखट, शेंगाचटणी आणि कडक भाकरी द्याव्यात. चहापत्तीही.

ता. क. येणारा कोण, असं तुम्ही विचाराल. आमचे हे. उरलेल्या पैशातून त्यांचं तिकीट काढलं आहे, दोन महिन्यांसाठी. वीस वर्षांत त्यांनी तुमच्याकडं रजा मागितलेली नाही, आणि आताही मागणार नाहीत, म्हणून मी मागते आहे. हंगाम उतरेपर्यंत मी थांबले, हे लक्षात घ्यावं.

ता. क. वर "ठरल्याप्रमाणं येते" असं लिहिलं ते खोडायचं राहिलं. मी आणखी एका वर्षाच्या करारावर सही केली आहे. या खेपेला व्याकरणाकडं पाहिलंच नाही, टेटचा पगार लिहून घेतला.

ता. क. हे पत्र मी आमच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे तुमच्या हातात यांनीच दिलं असेल आणि ते अजून समोर उभेच असतील. त्यांना बसायला सांगा. विमान शुक्रवारचं आहे, हैदराबादहून. काय काम आहे असं विचारलंत तर "न्हाई, काही न्हाई" म्हणतील. ते खरं धरू नका.