कोणते गिल?

नाकाडोंगरी, ता. तुमसर
१९ फेब्रुवारी २००४

प्रिय सुगतदादास,

सरिताचा जयभीम. रत्नमालावहिनीलाही सांग.

इकडची थंडी ओसरली. मागच्या आठवड्यात माहेरी करडीला जाऊन आले. डोमाकाकांच्या शेतातली लाखोळी उपटून झाली. जिल्हा वेगळा झाल्यापासून गोंदियाला नवीन ऑफिसं निघाली, तिथं काकांचा ईश्वर नोकरीला लागला, म्हणून काका खुशीत आहेत. टीना बरी आहे. मीही बरी आहे. भिलाईला तुझ्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कळव.

टीनाच्या लग्नाची तारीख तू दोनदा विचारलीस. मी उत्तर दिलं नाही. फोन करायचा तर बूथवर पंचफुलाबाई बसलेली असते, आणि तिच्यासमोर हे बोलता आलं नसतं.

दादा, लग्न होत नाही. वहिनीनं अहेर घेतला असेल तर राहू दे.

नवऱ्या मुलाचे, लखबीरचे वडील जगीरसिंग तुला आठवत असतील. तुमसरचे ट्रान्सपोर्टवाले, साखरपुड्याला तुझ्याशेजारीच बसले होते. टीनाच्या बापाची, बलकारची आणि त्यांची पंधरा वर्षांची ओळख. खाणीतून मँगनीजचे ट्रक दोघांनी सोबत काढले. गुरुपूरबाच्या सणाला नागपूरच्या गुरुद्वाऱ्यात दोघं लंगरच्या एकाच पंगतीत जेवले, एकाच परातीत कणीक मळली. लखबीर आणि टीनाचं जमलं तेव्हा जगीरसिंग स्वतः मिठाई घेऊन आले. मी बौद्धाची पोर, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "भैणजी, आई कुठली का असेना. खून तो बाप का चलता है." मी हसले. त्या वाक्यात काय होतं, ते तेव्हा मला दिसलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा कोणी नातेवाईक पंजाबातून आला आणि त्यानं विचारलं, "मुलीवाले गिल, ठीक आहे. पण कोणते गिल?" तिकडं गिल जगीरसिंगांसारख्या जमीनवाल्या जाटांतही असतात आणि इतरांतही. तो माणूस परत गेल्यावर बलकारच्या गावी पोचला, आणि दिराला, करनैलला, त्यानं तोंडावर विचारलं. करनैलनं लपवलं नाही. म्हणाला, "मजहबी सिख हैं जी. गुरु के बेटे हैं. इसमें छिपाना क्या?"

मजहबी म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. पूर्वी ज्यांच्याकडून गाव आपली घाण उचलून घेत होतं, ती माणसं शीख झाली. गुरूंनी त्यांना पोटाशी धरलं, पण गावानं धरलं नाही.

जगीरसिंग घरी आले, ते दारातच उभे राहिले. मी पाणी नेलं, घेतलं नाही. बलकार म्हणाला, "भाईजी, आपण एका पंगतीत जेवलो." ते म्हणाले, "लंगर एक बात है, रिश्ता दूसरी बात." आणि निघून गेले. मोठा आवाज नाही, भांडण नाही. ट्रकचा सौदा मोडावा तसं सगळं झालं.

लखबीर टीनाला तुमसरच्या बसस्टँडवर भेटला. पापाजीले समजावतो म्हणाला. मग म्हणाला, वाहेगुरूच्या मनात असेल तर होईल. टीना त्याला म्हणाली, "वाहेगुरूले मधात कायले आणते? तुह्या मनात काय हाये ते सांग." तो समोरच्या बसमध्ये चढला. त्यानंतर तो आला नाही. पोरीनं आठ दिवस नीट अन्न खाल्लं नाही, मग एक दिवस उठून कॉलेजला गेली. ती तुझ्यावर गेली आहे.

पुढचं लिहायला घेतलं आणि दोनदा चूल बघून आले.

दर पत्राच्या शेवटी मी लिहिते, बलकारनं तुला सत श्री अकाल सांगितलं आहे. या वेळी लिहिता येत नाही. तो घरी नाही.

लग्न मोडल्याचं दुःख मी गिळलं असतं, दादा. आपल्या घरानं असं थोडं पाहिलं आहे का? पण बावीस वर्षांत त्यानं मला सांगितलं नाही! मी त्याला आपलं सगळं सांगितलं होतं. बाबा लहानपणी पाटलाच्या विहिरीपाशी कोणी पाणी ओतेल म्हणून वाट बघत उभे राहायचे, तेही सांगितलं. तो ऐकायचा, डोळे पुसायचा. एकदाही म्हणाला नाही, की माझंही असंच.

आणि आई! आमच्या लग्नात तू भाषण केलंस, ज्यांच्या गुरूंनी राजालाही पंगतीत बसवलं त्या घरी माझी बहीण जात आहे, म्हणून. आईनं ते धरून ठेवलं. मरेपर्यंत ती शेजारणींना सांगायची, "मोठ्या जातीचा मानूस, पन माह्या हातची भाकर खाते." जावई करडीला आला की त्याचं ताट ती पदरानं पुसायची. तो मान खाली घालून जेवायचा. आम्हाला वाटायचं, किती नम्र आहे.

जगीरसिंग गेले त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "आई होती तोवर तरी सांगाचं होतं. तिनं तुले आनखी जवळ घेतलं असतं." त्यानं नेहमीसारखी आपल्या गॅरेजची किल्ली खुंटीला लावली. सकाळी अंथरूण रिकामं होतं.

काही दिवसांनी बूथवर करनैलचा फोन आला, की तो गावी पोचला आहे. मग करनैल रडायला लागला. म्हणाला, भाभी, केस कापून आला आहे. दादा, ज्या माणसानं तापात फणफणतानाही कधी पगडीशिवाय उंबरा ओलांडला नाही, तो माणूस.

मी टीनाला घेऊन गेले. तुला कळवलं नाही, रागावू नको. लग्नानंतर पहिल्यांदा सासर बघितलं. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या साली नेतो, आत्ता जमिनीचा वाद चालू आहे. जमीन कुठली? गावाच्या कडेला दोन खोल्या आणि एक म्हैस. गावात गुरुद्वारे दोन, एक जाटांचा, एक यांचा. मसणवटेही दोन.

सासूला बेबे म्हणतात. डोळ्यांनी कमी दिसतं तिला. माझा चेहरा तिनं हातांनी चाचपला आणि हिंदी-पंजाबीत म्हणाली, "बलकार सांगायचा, बहू मोठ्या घरची आहे, आपल्याकडे कशी राहणार. म्हणून मी कधी बोलावलं नाही, बेटी."

मी तिथंच खाली बसले, दादा. इकडं माझी आई, तिकडं त्याची आई. दोघींनी एकमेकींना मोठं समजून उभा जन्म काढला, आणि भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर एका चुलीपुढं बसून बोलत राहिल्या असत्या.

बलकार त्यांच्या लहान गुरुद्वाऱ्यात भांडी घासत होता. डोक्याला नुसता रुमाल. टीना धावत गेली, त्याच्या गळ्यात पडली. तो तिला थोपटत राहिला, पण माझ्याकडे बघेना.

मी म्हटलं, "घरी चल. आमच्यात तुही कोनाले लाज नाही."

इतकी वर्षं आपल्यात राहून तो आपल्यापेक्षा पक्की झाडीबोली बोलतो, तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "म्हनूनच येत नाही, सरिता. जगीरसिंगानं मले हाकललं, ते मी सोसलं. तुमी मले माफ करून राहिले, ते सोसवत नाही. तुही माय माह्यं ताट पुसे, तवा मले वाटे, आता सांगतो, आता सांगतो. मंग वाटे, हे मोठेपन आनखी एक दिवस राहू दे."

"अन् आता?"

"आता बेबेजवळ राहतो. इथं मले कोनी विचारत नाही, कोनते गिल."

आम्ही दोन रात्री थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यानं बेबेचे केस विंचरून दिले, म्हशीचं दूध काढलं, टीनाच्या ताटात स्वतः भाजी वाढली. मला वाटलं, मन वळलं. निघताना तो स्टेशनपर्यंत आला, सामान चढवून दिलं. गाडी हलली तेव्हा फलाटावर तो माझ्या खिडकीसोबत चार पावलं चालला आणि थांबला. मी हात बाहेर काढला होता. त्यानं धरला नाही.

गॅरेज मी मारोतरावांच्या पोराला चालवायला देते आहे. टीनाची परीक्षा तोंडावर आहे. मी घर सांभाळते. बेबेला दर महिन्याला फोन करीन म्हणून सांगून आले आहे. त्याला येण्यासाठी गळ घालणार नाही. पण दार मी आतून कडी लावून झोपत नाही, एवढं तुलाच सांगते.

भीमजयंतीला तू करडीला येशील. लोक विचारतील, जावई कुठं आहे. सांग, आपल्या आईपाशी आहे. जात विचारली तर तीही सांग, आवाज खाली न करता सांग. त्याच्याच्यानं झालं नाही, ते आपण तरी करू.

आईची लेक, बेबेची सून आणि तुझी धाकटी बहीण,
सरिता बलकारसिंग गिल, मजहबी