कल्याणमंडप मोड

प्रिय अक्का,

पत्र पाहून हसू नकोस. हातात फोन असताना कागद कशाला खराब करताय, असं सुगंदीनंही विचारलं. पण अप्पांचं नाव काढलं की तू म्हणतेस, "कदिर, दुसरं काही असेल तर बोल, नाहीतर ठेवते," आणि खरंच ठेवतेस. कागदावर निदान माझं वाक्य तरी पुरं होईल. कितीदा लिहायला बसलो आणि उठलो. दुकानात मन लागत नाही, घरी घास गोड लागत नाही. सुगंदी म्हणते, पायाला भिंगरी लावल्यासारखं काय फिरताय, एका जागी बसा. बसवत नाही गं.

इकडचं म्हणशील तर धाकटीला दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावते. गल्लीच्या तोंडच्या बेकरीनं खोबऱ्याचा बन बंद केला, त्यामुळे अर्धं गांधीपुरम सुतकात आहे. वाळयारचा सीमेवरचा नाका ओलांडला की तुझं पालक्काड, तास-दीड तासाची वाट. पण दोन वर्षांत तू ती ओलांडली नाहीस आणि आम्हीही नाही. अप्पांना जावई म्हणून चालला नाही, पण सजीवन मला आवडतो, हे एकदा लिहूनच टाकतो. त्याच्या नुसत्या खोबरेलात तळलेल्या स्वयंपाकासकट आवडतो.

आता दुकानाचं. मागच्या महिन्यात पोल्लाचीचे नारळवाले पळनिसामी आपण बनवलेला होम थिएटरचा रिसीव्हर लेकरासारखा मांडीवर घेऊन आले. तोंड हे एवढं. म्हणाले, "पडद्यावरची बैलगाडी उजव्या बाजूनं आपल्या मागे जाते आणि खडखडाट मागे डावीकडून येतो. सासूबाई विचारतात, जावईबापू, बैल एकीकडे नि चाकं दुसरीकडे, असली गाडी कुठून आणलीत?" सगळे हसले. मी झाकण उघडलं. मागच्या दोन स्पीकरांच्या तारा उलटसुलट होत्या आणि जोड अप्पांच्या हातचे होते. तो बारीक, मोत्यासारखा टाका मी झोपेतही ओळखीन. मी मुकाट्यानं म्हटलं, माझीच चूक. अप्पांनी गिऱ्हाइकासमोर माझी हजामत केली: "याला जेवायचा हात कोणता, तेवढं विचारा."

तुला आठवतं ना, अप्पांचा जीव कशात होता? गाण्यात आवाज दोनच आलेले असतात, डावा आणि उजवा. रिसीव्हरमधली सर्किटची पाटी त्यांचे पाच करते. बोलणं पुढे मधोमध, वाद्यं दोन्ही कडांना, आणि मागच्या बाजूला फक्त जे खरोखर मागे आहे ते. त्यामुळे मागचे स्पीकर बराच वेळ गप्प असतात आणि गिऱ्हाईक वैतागतं, "पाच डबे नेले, त्यातले दोन मुके?" अप्पा म्हणायचे, "मागे कुणी नसताना मागून आवाज कशाला हवा? घरात भूत पाळायचंय?" पाचही स्पीकर एकदम तेच ते बोंबलायला लागतात ना, त्या बटणाला त्यांनी नाव ठेवलं होतं कल्याणमंडप मोड. लग्नाचा हॉल, नादस्वरम्, भांडी आणि काकूंची भांडणं, सगळं एका दमात. ते बटणच ते रिसीव्हरच्या आत दडवून टाकायचे. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, पण बटण नाही.

तर गेले काही महिने अप्पा स्वतः प्रत्येक रिसीव्हर कल्याणमंडपावर लावून देतायत. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, धंदा कळला.

मग गेल्या आठवड्यात काय झालं सांगतो. माल बाहेर पडण्याआधी खुर्चीत बसून, डोळ्यांवर टॉवेल टाकून, आवाज येईल तिकडे बोट दाखवायचं, ही आपल्या दुकानाची जुनी परीक्षा. लहानपणी त्या खुर्चीत तू बसायचीस. मला कधी बसू दिलं नाही, "याचं लक्ष बेकरीकडे" म्हणून. तू गेल्यापासून अप्पा स्वतःच बसतात. मी मागचा उजवा स्पीकर लावला. अप्पांचं बोट डावीकडे गेलं. परत लावला. परत डावीकडे, आणि तेही ठामपणे. टॉवेल भिरकावून म्हणाले, "गाढवा, तारा उलट्या जोडल्यास," आणि त्यांनी सरळ असलेल्या तारा माझ्यादेखत उलट्या केल्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, "अप्पा, कॉफी." काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं. तरीही नाही. गल्लीतून जाताना कुणाच्या घरचा स्पीकर फाटलाय हे सांगणारा माणूस गं तो! मला तिथेच रडू आलं. सगळे स्पीकर बोंबलले की निदान चालू आहेत एवढं तरी त्यांना कळतं, म्हणून तो कल्याणमंडप.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते स्कूटरवरून बाहेर पडले की परत येईपर्यंत मी दारात. सुगंदीनं आडून आडून कानाच्या डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाले, "डॉक्टरला कान कशाला दाखवू? कुड्या घालायच्यात?" त्या कानावर त्यांचं नाव उभं आहे. उजवा कान गेलाय हे मी सांगितलं तर म्हणतील, दुकान घशात घालायला टपलाय. मांजराच्या गळ्यात घंटा मी नाही बांधू शकत, अक्का. पण नुसतं त्यासाठी मी हे लिहीत नाहीये.

तू म्हणतेस, अप्पा तुझा फोन उचलतात आणि चकार शब्द न बोलता ठेवून देतात, एवढं विष त्यांच्या मनात आहे. मीही तेच धरून चाललो होतो. काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी टेबलाच्या पलीकडेच होतो. गिऱ्हाइकांचे फोन अप्पा टेबलावर ठेवून, मोठा आवाज लावून घेतात, सगळ्या गल्लीला ऐकू जातात. तुझं लाडाचं नाव, कण्णू, दिसल्यावर मात्र त्यांनी हात पुसले, फोन उचलला, कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले आणि तो कानाला लावला. उजव्या. आधी तू बोलावंस म्हणून थांबले. तू "अप्पा, अप्पा" म्हणत होतीस, मला पलीकडे ऐकू येत होतं. ते भिंतीकडे बघत बराच वेळ तसेच उभे होते. मग फोन खाली ठेवला आणि मला म्हणाले, "फोन करते आणि बोलतच नाही. कण्णूचा राग अजून गेला नाही रे." अक्का, तू ये. आलीस की त्यांच्या डाव्या बाजूला बस आणि एकदा हाक मार.

तुझाच,
कदिर