माझा उलटा सोलो

सॅन फ्रान्सिस्को, ६ फेब्रुवारी १९६७
नक्की झालं. आमच्या बँडची पहिली लाँगप्ले रेकॉर्ड मे महिन्यात निघणार. रेकॉर्ड कंपनीच्या मिस हॅलोरननी स्वतः फोन करून सांगितलं. दुसऱ्या बाजूवर माझा चार मिनिटांचा गिटार सोलो. बरा झाला तरच ठेवू, असंही म्हणाल्या. गंमत करतात.

९ फेब्रुवारी
हल्ली जो तो रेकॉर्डिंगची टेप उलटी फिरवतो. मी एक पाऊल पुढे. चाल शेवटाकडून सुरुवातीकडे पाठ करून वाजवणार. मग टेप उलटली की चाल सरळ, आवाज मात्र परलोकातला. रोज सहा तास रियाज. उद्यापासून.

१७ फेब्रुवारी
उद्यापासून नक्की. आज सगळे पार्कात जमले होते. मन मोकळं करणं हाही रियाजच.

२ मार्च
रेकॉर्डिंग झालं. साउंड इंजिनिअर गंडरसन टाय लावून येतात, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला घरी निघतात. त्यांनी टेप उलटून ऐकली, सुलटून ऐकली. म्हणाले, पोरा, नक्की कुठल्या बाजूने ऐकू? आमचा ड्रमर ड्वाइट म्हणाला, दाराबाहेरच्या बाजूने. हेवा, दुसरं काय! गायिका लॉर्ना पर्स उचलून बाहेर गेली. भारावली असावी.

११ एप्रिल
लाँगप्लेची नमुना प्लेट आली. दुपारभरात नऊ वेळा ऐकली. काय सोलो आहे! आधी मला माझाच हात ओळखू येईना. उलटं वाजवलं की असं व्हायचंच. पाचव्यांदा डोळे भरून आले. लॉर्नाला फोन करून म्हटलं, हे पुन्हा कुणाला जमणार नाही. ती म्हणाली, एल्डन, जेवलास का रे?

१२ एप्रिल
लॉर्नाला धीर झाला नाही, म्हणून ड्वाइटने सांगितलं. माझा सोलो कंपनीने पुसला. प्लेटवर वाजवलंय ते प्रुइट नावाच्या गृहस्थांनी. वय बावन्न, एरवी टूथपेस्टच्या जाहिरातींत वाजवतात. आले, एकदाच वाजवलं, तेही सरळ, आणि मुलीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून गेले. कव्हरवर नाव माझंच. अशीच पद्धत आहे म्हणे.

१८ एप्रिल
कल्पना माझीच होती, हे विसरून चालणार नाही. शनिवारी बॉलरूममधल्या कार्यक्रमात प्लेटवरचा सोलो हुबेहूब वाजवायचाय. त्यासाठी गुरुवारी दहाला प्रुइट माझ्याकडे येणार. सुरुवात गिटार धरण्यापासून करू, असं त्यांनी कळवलंय. या वयातही शिकायची हौस आहे माणसाला!