सपाटीवरची सोयरीक

झोम्बा, रविवार दुपार

आदरणीय फॅनुएलदादा,

गुडघा टेकून नमस्कार. तुम्ही बरे असाल तर मीही बरा आहे. वहिनींचा दमा, तुमचे गुडघे आणि म्झुझूची थंडी या तिघांत काहीतरी तडजोड झाली असेल अशी आशा करतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच "मी सांगितलंच होतं तुला" म्हणता, आणि या हकिकतीत तसं म्हणायला जागा फार आहेत.

तुम्ही मला दिलेली गाडी चालते. चालण्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती; तक्रार आहे ती सुरू होण्याबद्दल. गेल्या पावसाळ्यापासून किल्ली फिरवली की दिवे लखलखीत, हॉर्न खणखणीत, आणि इंजिन गप्प. कुरकुर नाही, साधं टक् नाही. (आमच्या पोस्टात असे एक साहेब होते. त्यांना बढती मिळाली.) मी बॅटरी नवी घातली. तारांची टोकं घासली. स्टार्टर तीनदा काढून तीनदा बसवला. बाजारातल्या मेकॅनिकने त्याला हातोडीनेही समजावून पाहिलं. शेवटी मी उताराच्या आश्रयाला गेलो. झोम्बात डोंगराला तोटा नाही. गाडी तोंड खाली करून उभी करायची, चाकापुढे दगड लावायचा (हँडब्रेक माझ्याआधीच निवृत्त झालाय), निघताना दगड काढून गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन जागं. त्यापायी मला चर्च बदलावं लागलं (चढावरच्या चर्चमध्ये प्रवचन लांबतं, पण गाडी सुटते), न्हावी बदलावा लागला, आणि ज्या दोन मित्रांची घरं सपाट जागी आहेत त्यांच्याशी मी आता फक्त फोनवर बोलतो.

असं सगळं बरं चाललं असताना आपल्या भाच्याने, लिंबानीने, मुलगी पसंत केली ती काचुलूची. चिल्वा सरोवराच्या काठची. तिथली जमीन इतकी सपाट की ठेवलेला चेंडू जागच्या जागी म्हातारा होईल. मुलीचं नाव तादाला, मुलगी गुणी आहे. दोष तिचा नाही, भूगोलाचा आहे. मामा म्हणून न्खोस्वे मीच. म्हणजे बोलणी मी करायची, कोंबडा मी न्यायचा, आणि पुढे जन्मभर त्या दोघांत काही बिनसलं की धावत जाऊन मिटवायचंही मीच. तिच्या मामांनी आपला कोंबडा घेऊन बदल्यात कोंबडी दिली की सोयरीक पक्की. तर काल लिंबानी, मी आणि कोंबडा असे निघालो.

मुलीच्या घराजवळ एक जुनं वारूळ सापडलं, माणसाएवढं उंच, विटांसाठी निम्मी माती काढून नेलेलं. मी गाडी मागे मागे घेत त्याच्या अंगावर चढवली आणि पुढे दगड लावला. लोक बघत राहिले. झोम्बात गाड्या अशाच लावतात असा चेहरा मी ठेवला. आत बोलणी छान झाली. मुलीचे मामा जोफिलिसी, मोठे बारकाईचे गृहस्थ, मक्याच्या गोडसर थोब्वाचा पेला पुढे करत म्हणाले, "गावचे मुखिया साक्षीला हवेत, पण त्यांचा पाय दुखतोय. तुमची गाडी आहेच, तेवढं घेऊन या. मग कोंबड्याचं बघू." मी बाहेर आलो. गाडी वारुळावर नव्हती. पाहुण्यांची गाडी उन्हात तापतेय, आत कोंबडाही आहे, म्हणून चार भल्या माणसांनी ती खाली ढकलून आंब्याच्या सावलीत नेली होती. पुसलीसुद्धा होती.

मी त्यांचे आभार मानले, बसलो, किल्ली फिरवली. गप्प. पुन्हा फिरवली. तोवर निम्मं गाव जमलं.

"ढकलायला माणसं आहेत हो," जोफिलिसी म्हणाले, "पण एक विचारतो, मामासाहेब. उद्या या पोरांचं भांडण झालं, निरोप आला, तर तुम्ही निघणार कसे? आधी माणसं गोळा करणार?" सगळे हसले. ते हसले नाहीत. "कोंबडा तूर्त गाडीतच राहू द्या."

दादा, लिंबानीचं तोंड मला बघवेना.

तेवढ्यात मुलीची मावशी पुढे आली. एनिफा तिचं नाव. जोफिलिसींची धाकटी बहीण, नवरा वारल्यापासून गावची मक्याची चक्की तीच चालवते. कोपरापर्यंत पीठ.

"बॅटरी?"

"नवी आहे."

"स्टार्टर?"

"तीनदा उघडला."

"म्हणजे दुखरा दात सोडून बाकी सगळे उपटलेत." ती खाली वाकली, डोकं थेट माझ्या पायांपाशी. "क्लच दाबा. सोडा. दाबा. अहो, पूर्ण दाबा, मुंगी आहे का खाली?"

क्लचच्या दांड्याला एक रबरी बूच असतं म्हणे. क्लच दाबला की ते वरचा एक इवलासा स्विच दाबतं, आणि तेव्हाच स्टार्टरला वीज मिळते. ते बूच म्हातारपणाने झडलं होतं. त्याचा भुगा माझ्याच पायाखाली पडलेला. (मी तो बिस्किटांचा समजून दर आठवड्याला झाडत होतो.) तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि न विचारता माझ्या कोटाचं मधलं बटण कापून दांड्यातल्या बुचाच्या रिकाम्या भोकावर तारेने आवळलं. "फिरवा." मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि मागे कोंबडा आरवला.

"सुरू झाली ती माझ्या बहिणीमुळे," जोफिलिसी म्हणाले. "हा यांचा गुण कसा धरायचा?"

"दादा, दुपारपर्यंत हा माणूस डोंगरावरून इथवर आलाच ना?" एनिफा हात झटकत म्हणाली. "तुम्ही सायकलला पंक्चर झालं म्हणून माझ्या लग्नात जेवणं आटोपल्यावर उगवला होतात."

मी मुखियांना आणलं. जोफिलिसींनी कोंबडा घेतला, कोंबडी दिली. ऑक्टोबरात लग्न आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
लेस्टन

ता.क. गाडीला गिऱ्हाईक बघा असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. बघू नका.

ता.क. दुसरा. खरं काम असं, की आपले मामा आता कोणी उरले नाहीत, तेव्हा एका जागी न्खोस्वे म्हणून तुम्हालाच यावं लागेल. सहा वर्षं मी एकट्यापुरतं मक्याचं पीठ घालून न्सिमा ढवळतोय. कुठे यायचं ते लक्षात आलं नसेल तर हे पत्र वहिनींना वाचायला द्या. बसने या आणि चांगला आरवणारा कोंबडा आणा. म्झुझूहून धावत कसे येणार, असं जोफिलिसी नक्की विचारतील. गुडघ्यांचं नाव काढू नका.

ता.क. तिसरा. एनिफाला मी अजून काहीच बोललेलो नाही. येत्या शनिवारी लग्नाच्या याद्यांचं निमित्त काढून जातोय. इथून निघायला उतार आहेच. तिथे पोचल्यावर मात्र वारुळाकडे न जाता सरळ आंब्याखाली सावलीत गाडी लावणार आहे. बटण आत्ताच काढून खिशात ठेवलंय.